‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा’: आंबेडकरांची चार उत्तरे

मानोरा तालुक्यातील इंझोरीहून नोकरीच्या मुलाखतीसाठी अकोला, अमरावती, पुण्याची वाट धरणाऱ्या उमेदवाराला एक प्रश्न हमखास अडवतो: ‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा.’ आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हे घरात शिकवलेले असते आणि येथे नेमकी तीच मागितली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा आला. त्यांच्या उत्तरांविषयी हा थ्रेड.

१९१३. भीमराव नुकतेच बी.ए. झाले होते. फेब्रुवारीत वडील रामजी निवर्तले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणार होते. महाराजांची आणि भीमरावांची पहिली गाठ कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी पूर्वीच घालून दिली होती. म्हणजे या विद्यार्थ्याचे गुण आधी दुसऱ्या कोणीतरी ओळखून सांगितले होते. हा तपशील विसरू नये.

चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे महाराजांनी विचारले, कोणता विषय शिकणार? समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवहार. शिकून काय करणार? आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग शोधणार. त्यावर महाराजांनी अडचणीचा मुद्दा काढला: मग आमची नोकरी आणि ही समाजसेवा, दोन्ही कशी साधणार? संधी दिलीत तर साधून दाखवीन, असा उत्तराचा आशय होता.

येथे ‘मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे’ अशी विशेषणांची माळ नाही. काय शिकायचे आणि कशासाठी, एवढेच आहे. जून १९१३ मध्ये करार झाला: दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षांची नोकरी.

ही गोष्ट साधारणपणे येथेच थांबवली जाते. पुढचे वर्ष मात्र १९१७ आहे.

कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळाली होती. लंडनमधील अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट राहिला होता. करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्याला आले, तेव्हा संपूर्ण संस्थानात त्यांच्याइतका शिकलेला अर्थशास्त्राचा अभ्यासक शोधूनही सापडला नसता. तरी राहायला जागा मिळेना. शेवटी खोट्या पारशी नावाने ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्यानेही प्रश्नच विचारले, पण ते पात्रतेविषयी नव्हते. तू कोण, एवढेच त्याला हवे होते. आंबेडकरांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. त्यांना बडोदे सोडावे लागले. मुलाखतीचे धडे देणारी पुस्तके उत्तर देणाऱ्याला घडवतात; विचारणाऱ्याच्या मनात काय आधीच ठरलेले आहे, याविषयी ती गप्प असतात.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले; त्याच वेळी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता.

आता १९४२. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांना आता स्वतःसाठी काही मागायचे नव्हते, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत निःसंकोच आत्मनिवेदन याच काळातले आहे. अलीगढ व बनारस या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी का नाही, असा प्रश्न त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना केला. व्हाइसरॉयनी लेखी मागितले आणि त्यांनी निवेदन दिले.

तरी घोडे अडलेच. तेव्हा एके दिवशी त्यांनी व्हाइसरॉयना विचारले: रागावणार नसाल तर सांगा, मी एकटा कितीतरी पदवीधरांच्या बरोबरीचा आहे की नाही? लिनलिथगोंनी ते मान्य केले. मग त्याचे कारण काय? ते त्यांना सांगता येईना. आंबेडकरांनीच सांगितले: राजवाड्याच्या शिखरावर बसून चौफेर पाहता येईल एवढी माझी विद्या आहे, मला अशी माणसे हवीत, नुसते कारकून काय करणार?

हे वाक्य सुटे काढले तर गर्वोक्ती वाटेल. युक्तिवादात मात्र त्याची जागा पुराव्याची आहे. उच्च शिक्षणावर खर्च केल्यास काय निपजते, याचा नमुना म्हणून त्यांनी स्वतःला पुढे ठेवले होते. मागणी इतरांसाठी होती. संकोच केला असता तर तोटा त्यांचा झाला असता.

ही हकीकत त्यांनी स्वतःच नागपुरात, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात मराठीतून सांगितली. त्या वर्षी सोळा विद्यार्थी विलायतेस गेले, हेही सांगितले. आणि लगेच खास आपल्या शैलीत पुस्ती जोडली: मडकी काही कच्ची निघतात, काही पक्की, तसेच या सोळांचे झाले. पुढे राजगोपालाचारींनी ती योजनाच रद्द केली.