इब्न बतूताचा खर्च कोणी केला?

माझा भाचा पुढच्या महिन्यात एकटाच उझबेकिस्तानला निघालाय. ताश्कंद, समरकंद, बुखारा. परवा घरी आला तेव्हा त्याने लॅपटॉपवर खर्चाचा तक्ता उघडून दाखवला. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉस्टेलमधला बेड, रेल्वे, रोजचं जेवण आणि सगळ्यात खाली 'अचानक खर्च' म्हणून दहा टक्के. पोराचं कौतुक वाटलं. मग तो हसत म्हणाला, "मामू, तुमच्या त्या इब्न बतूताने कुठला तक्ता केला होता? पंचवीस-तीस वर्षं हिंडला, पैसे आणले कुठून?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. इब्न बतूता किती देश फिरला, किती राजांना भेटला हे आपण कौतुकाने सांगतो. खर्चाचं कोणी विचारत नाही. म्हणून त्याचा 'रिहला' पुन्हा काढून बसलो आणि या वेळी फक्त पैशाच्या नोंदी वाचल्या. गंमत म्हणजे या माणसाने जमेची बाजू बारकाईने सांगितली आहे. कोणी किती दिनार दिले, कोणता झगा दिला, घोडा दिला की उंट, सगळं. सफर संपल्यावर १३५५ मध्ये त्याने हे सगळं मोरोक्कोत फेस शहरी इब्न जुझय्य या लेखनिकाला सांगितलं. बरंचसं आठवणीतून सांगितलेलं, तेव्हा आकडे जरा सैल हातानेच धरावेत. चीनबद्दलच्या त्याच्या वर्णनावर तर अभ्यासकांना आजही शंका आहे. पण कोणाकडून घेतलं आणि कोणाचं देणं लागलो, हे माणूस सहसा विसरत नाही.

१३२५ च्या जूनमध्ये तो टँजिअरहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. सोबती नाही, काफिला नाही. हजला जायचं एवढंच ठरलेलं. वाटेत तापाने फणफणला, तेव्हा पडू नये म्हणून पगडीच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतलं. कॉन्स्टंटाइन शहराबाहेर रात्रभर पाऊस झोडपत राहिला. सकाळी तिथल्या हाकिमाने त्याचे चिखलाने माखलेले कपडे पाहिले, ते धुवायला पाठवले आणि फाटक्या वस्त्राच्या जागी बालबेकचं उंची वस्त्र दिलं. त्याच्या एका टोकाला सोन्याचे दोन दिनार बांधलेले होते. प्रवासात मिळालेली ही आपली पहिली मदत, असं इब्न बतूता आवर्जून सांगतो.

१३२६ च्या रमजानात तो दमास्कसला पोचला आणि तिथे पैसे संपले. वर पुन्हा ताप. मालिकी पंथाचे मुदर्रिस नूरुद्दीन सखावी यांच्याकडे तो रोज इफ्तारला जायचा. चार रात्री गेला, पाचव्या रात्री दिसला नाही, तर त्यांनी माणूस पाठवून त्याला घरी आणलं. ईदपर्यंत ठेवून घेतलं, हकीम लावला आणि हजच्या काफिल्यासाठी उंट ठरवून दिले, शिदोरी दिली. वर रोख रक्कमही दिली, अडीनडीला लागेल म्हणून. माझ्या भाच्याच्या तक्त्यातली 'अचानक खर्च'ची ओळ ही अशी.

दमास्कसच्या वक्फांचं त्याने केलेलं वर्णन मला नेहमी थांबवतं. वक्फ म्हटलं की आज आपल्याला जमिनीचे वाद, बोर्ड आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. त्या शहरात मुसाफिरांच्या जेवण, कपडे आणि परतीच्या प्रवासाच्या खर्चासाठी वक्फ होता. हजला जाऊ न शकणाऱ्यांच्या वतीने दुसऱ्याला पाठवण्यासाठी होता, गरीब मुलींच्या लग्नासाठी होता, रस्त्याच्या फरसबंदीसाठी होता. आणि फुटलेल्या भांड्यांसाठीही होता. एका गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीचं ताट पडून फुटलं. पोरगा घाबरला. कोणीतरी त्याला तुकडे गोळा करायला लावले, भांड्यांच्या वक्फच्या व्यवस्थापकाकडे नेलं आणि नव्या ताटाचे पैसे मिळवून दिले. धन्याने पोराला मारलं असतं, निदान फटकारलं तरी असतं, ते वाचलं. अशा शहरात परका माणूस कफल्लक होऊन पडला, तरी तो रस्त्यावर येत नव्हता.

पुढे अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, तर त्याला खिशात हात घालावाच लागला नाही. अंतालियात जुनेर कपड्यांतला एक माणूस आला आणि जेवायला चला म्हणाला. हा गरीब आपल्याला काय खाऊ घालणार, असं इब्न बतूताला वाटलं. सोबतचे शेख हसले. तो चामड्याचं काम करणारा कारागीर होता, पण दोनशे कारागिरांच्या बिरादरीचा म्होरक्या, 'अखी'. ही मंडळी दिवसभर आपापला धंदा करत आणि संध्याकाळी कमाई एकत्र आणत. त्यातून खानकाहचा खर्च चाले, परगावच्या माणसाला जेवण आणि अंथरूण मिळे. लाधिकमध्ये, म्हणजे आजच्या देनिझलीत, भर बाजारात लोकांनी त्याच्या घोड्याचे लगाम धरले आणि आपसात सुरे उपसले. याला वाटलं लुटारूच. नंतर कळलं, पाहुणा कोणाकडे उतरणार यावर दोन बिरादऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

इथपर्यंतचा हिशेब वाचताना छाती फुगते, खरं सांगतो. पण त्याच अनातोलियात खर्चाच्या नोंदी सुरू होतात. बिरगीच्या सुलतानाने त्याला शंभर मिस्काल सोनं, हजार दिरहम, घोडा आणि एक ग्रीक गुलाम दिला. त्यानंतर आयासोलुक गावात, म्हणजे जुन्या इफिससजवळ, त्याने सोन्याचे चाळीस दिनार मोजून एक ग्रीक मुलगी विकत घेतली. पुढे बंगालमध्ये तांदूळ किती स्वस्त, कोंबड्या किती स्वस्त हे सांगता सांगता त्याच यादीत तो गुलाम मुलीची किंमतही सांगतो: एक दिनार. साधारण तेवढ्यालाच त्याने आशूरा नावाची स्त्री घेतली. लहानपणी ऐकलेल्या इब्न बतूताच्या गोष्टींत हे नव्हतं. तो काळच तसा होता, हे खरं आहे. पण त्या ग्रीक मुलीचाही तोच काळ होता, आणि तिचं नाव त्याने सांगितलेलं नाही.

भाचा जिथे निघालाय त्या मुलखात चगताई सुलतान तरमाशिरीनने त्याला चांदीचे सातशे दिनार आणि शंभर दिनार किमतीचा सेबलच्या कातड्याचा झगा दिला. थंडी तशीच कडक होती. तिथून हिंदुकुश ओलांडून १३३३ च्या सप्टेंबरमध्ये तो सिंधूकाठी आला.

इथे पैशाचा मामलाच बदलला. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक परदेशी माणसांना बड्या नोकऱ्या देतो, हे सर्वदूर माहीत होतं. त्याला भेटायचं तर नजराणा हवा. आणि नजराण्याच्या कितीतरी पट तो परत देतो. यावर व्यापाऱ्यांनी धंदाच उभारला होता. येणाऱ्या पाहुण्याला घोडे, उंट, कपडे, रोकड उधार द्यायची, सुलतानाकडून त्याला घबाड मिळालं की वसूल करायची. इब्न बतूताने इराकच्या तिक्रीतहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून तीसेक घोडे आणि बाणांनी लादलेला एक उंट घेतला. त्या व्यापाऱ्याने या सौद्यात भरपूर कमावलं.

दिल्लीत त्याला काजीपद मिळालं, वर्षाला बारा हजार दिनार. दिनार म्हणजे इथे चांदीचा टंका. शिवाय काही गावांचा महसूल. इथली भाषा येत नाही, हनफी रिवाज माहीत नाही असं त्याने स्वतःच सांगितलं, तर सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. आणि तरीही हा गृहस्थ पंचावन्न हजार दिनारांच्या कर्जात बुडाला! दरबारात मान राखायचा तर लवाजमा हवा, मेजवान्या हव्यात, उधारी चालूच. शेवटी त्याने सुलतानाच्या स्तुतीचा अरबी कसीदा रचला आणि कर्ज फेडण्याची विनंती केली. सावकारांनाही पढवून ठेवलं. त्या काळी सावकार राजवाड्याच्या दाराशी ऋणकोला अडवून सुलतानाच्या नावाने आण घालत, ती तो 'दरोही' अशा शब्दाने सांगतो. वाचताना आपल्या मराठीतली 'द्वाही' आठवते. सावकार दाराशी ओरडले, सुलतानापर्यंत बातमी गेली, खजिन्यातून रक्कम देण्याचा हुकूम झाला. जोडीला समजही मिळाली: दिलं आहे त्या बेताने खर्च कर.

आता हे पैसे कुठून येत होते? तो सांगतो ते आपल्या घराजवळचं आहे. दौलताबादचा किल्ला, तिथले मांजराहून मोठे उंदीर, गाणाऱ्यांचा बाजार यांचं वर्णन करता करता तो तिथल्या महसुलाची हकीकत सांगून जातो. एका हिंदू मक्तेदाराने दौलताबाद आणि भोवतालच्या मुलखाचा सारा सतरा कोटींना मक्त्याने घेतला. सगळी रक्कम भरता आली नाही. मालमत्ता जप्त झाली आणि त्या माणसाची कातडी सोलली गेली. सतरा कोटी हा आकडा फुगलेला असेल. पण मक्तेदाराची ही गत, तर ज्यांच्याकडून त्याने वसुली केली असेल त्या कुणब्यांची काय, हे सांगायला त्या दरबारात कोणी नव्हतं.

दिल्लीच्या भागात त्याच सुमारास दुष्काळ पडला, काही वर्षं टिकला. शहराबाहेर तीन बायका काही महिन्यांपूर्वी मेलेल्या घोड्याचं कातडं कापून खाताना त्याने स्वतः पाहिल्या. हे त्याने लपवलं नाही. सुलतान कुतुबुद्दीनच्या मकबऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. तिथे रोज पस्तीस मण पीठ आणि तितकंच मांस शिजवून वाटल्याचं तो सांगतो (तेव्हाचा मण बराच लहान होता). मला यात दोन्ही दिसतं. तो निष्ठुर नव्हता. पण त्याचे बारा हजारही त्याच रयतेकडून येत होते.

या खजिन्याची दुसरी बाजू त्यालाही कळली. एका शेखला भेटायला गेल्याचं निमित्त झालं. सुलतानाने त्या शेखला ठार केलं आणि इब्न बतूतावर पहारा बसवला. पाच दिवस त्याने नुसत्या पाण्यावर रोजे केले. सुटल्यावर जवळचं सगळं गोरगरिबांना वाटून फकिरी कपडे घातले. हे फार दिवस टिकलं नाही, कारण सुलतानाने त्याला चीनला वकील म्हणून पाठवायचं ठरवलं. १३४२ मध्ये शंभर घोडे, शंभर गुलाम, शंभर नाचगाणं करणाऱ्या मुली असा नजराणा घेऊन तो निघाला. कोळजवळ, म्हणजे आजच्या अलीगढपाशी, लुटला गेला. बोरं खाऊन दिवस काढले. मग दौलताबाद आणि नंदुरबारवरून खंबायतला, तिथून समुद्राने कालिकतला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की ते कारागीर, वैद्य, ज्योतिषी आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात. पुन्हा कधीतरी यावर स्वतंत्र लिहीन.

कालिकतला तो जुम्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला आणि रात्री वादळात नजराण्याचं जहाज फुटलं. दुसरं, ज्यावर त्याचं सामान आणि त्याच्यापासून गरोदर असलेली दासी होती, ते त्याला न घेताच निघून गेलं. नंतर कळलं की ती वारली आणि सामान सुमात्राच्या राजाने घेतलं. तेव्हा त्याच्याकडे एक अंथरूण आणि दहा दिनार उरले होते. बारा हजारांच्या काजीकडचे ते दहा दिनार एका जोग्याने दिलेले होते.

त्यानंतर मालदीव, बंगाल, चीन आणि परतीची वाट. अलेप्पोत त्याला तो तिक्रीतचा व्यापारी भेटला. आता बडा सावकार झालेला. इब्न बतूता लुटला जाऊन कफल्लक झालेला होता. त्या माणसाने काडीची मदत केली नाही.

१३४८ मध्ये तो पुन्हा दमास्कसला आला. बावीस वर्षांपूर्वी तिथे त्याने एका मगरिबी कुटुंबातल्या मुलीशी लग्न केलं होतं आणि ती गरोदर असताना तो निघून गेला होता. हिंदुस्थानात असताना मुलगा झाल्याची खबर मिळाली, तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांकडे सोन्याचे चाळीस दिनार पाठवले. त्या ग्रीक मुलीसाठी मोजले होते तेवढेच. मुलगा आता वीस-बावीस वर्षांचा असेल, असा त्याचा हिशेब. मशिदीत नूरुद्दीन सखावी भेटले, तेच, ज्यांनी त्याचे उंट ठरवून दिले होते. त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं आणि मुलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला.