हत्तींच्या पाठीवरचा राजा आणि एक 'जर'

आज हेडफोन लावा आणि माझ्याबरोबर लिस्बनला चला. तेजो नदीजवळ बेलें नावाचा भाग आहे, तिथला हा जेरोनिमोस मठ. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला राजा मानुएल पहिला याने तो बांधायला घेतला. पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर 5 टक्के कर होता, त्यातून. कराच्या नावातच मिरी आहे बघा: 'व्हिंतेना दा पिमेंता', म्हणजे मिऱ्यांचा विसावा हिस्सा.

आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर लागते. 1524 मध्ये तो कोचीत वारला, अवशेष या मठात आले 1880 मध्ये. सगळी गर्दी इथेच असते. एक फोटो काढा आणि पुढे या.

वेदीपाशी मानुएल, त्याचा मुलगा जुआंव तिसरा आणि त्या दोघांच्या राण्या. त्यांच्या शवपेट्या पेलल्यात चक्क संगमरवरी हत्तींनी! हा भाग नव्याने बांधवून घेतला तो जुआंवची विधवा राणी कॅथरीन हिने. आता हे नाव गोव्याशी जोडा. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, तेव्हा गादीवर होता तिचा नातू सेबास्तियांव. वय वर्षं सहा. कारभार आजीच बघत होती. त्या दरबाराचं नाव काढलं की गोव्यात आजही लोक गंभीर होतात, आणि इथे मात्र हत्तींचं कौतुक चाललेलं असतं. मला ते जरा खटकतंच.

आता बाजूच्या चॅपलमध्ये या. हा तोच नातू, यालाही हत्तींनीच उचललंय. 1578 मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो मोरोक्कोत लढायला गेला आणि अल्कासेर किबिरच्या रणात संपला. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांत गादी स्पेनच्या फिलिपकडे गेली. फिलिपने 1582 मध्ये एक मृतदेह इथे आणून पुरला, म्हणजे राजा मेलाय हे लोकांना एकदाचं पटावं.

लोकांना काही पटलं नाही. राजा परत येणार म्हणून ते वाट बघत राहिले, आणि मग 'मीच सेबास्तियांव' म्हणणारे एकामागून एक उगवले.

ओळखीचं वाटतंय ना? पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, 1776 मध्ये कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. इतकी माणसं त्याच्यामागे का गेली असतील? घरातलं माणूस रणावरून आलंच नाही, तर 'गेला' म्हणायला जीभ रेटत नाही. पोर्तुगालमध्येही हजारो घरांत तेच झालं होतं.

जरा वाका आणि कबरीवरचा लॅटिन लेख बघा. सेबास्तियांव इथे पुरलाय, असं त्यात आहे. पण मध्येच एक पुस्ती जोडलीये: लोक म्हणतात ते खरं असेल तर. राजाच्या कबरीवर, दगडात कोरलेला 'जर'!