शब्दवेध : साष्टी

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे नाव साष्टी, आणि हे नाव संस्कृत ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रांत, या शब्दापासून सिद्ध झाले, याची उत्तम साक्ष भांडुपास सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट देतो, श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, येथील षट्षष्टि ‘विषया’तल्या, म्हणजे प्रांतातल्या, नौर गावचे, आजच्या नाहूरचे, शेत त्यात दान दिले आहे.

१५३४ च्या वसईच्या तहाने बेटावर पोर्तुगीज अंमल बसला, पाठोपाठ अंतोनियो द पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री आला, बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात ख्रिस्तमंदिर उभे राहिले आणि पाद्र्यांच्या वृत्तांतांत साष्टीचे ‘साल्सेत’ झाले. या पाद्र्यांचा जो हात येथील चालीरीती टिपीत होता तोच त्या मोडीतही होता. तरी त्यांच्या वृत्तांतांचे मोल मी कमी मानीत नाही.

गोव्यातही सहासष्ट गावांची साष्टी आहेच. तेथील रायतूरास १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले.

मराठी लेखकांनी तरी ‘साल्सेत’ किंवा ‘साल्सेट’ न लिहिता साष्टीच लिहावे.