ऑब्सेशन ७७ : मुंबईच्या एका फंक-रॉक गाण्याची गोष्ट

१९८१ साली भारतीय बाजारात आलेल्या दोन तबकड्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली ‘डिस्को दीवाने’. नाझिया व झोहेब हसन या भावंडांच्या आवाजाने तिने अल्पावधीत देश व्यापला. दुसरी मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन ७७’. तिच्या नावातले वर्षच चार वर्षांपूर्वी सरलेले होते! आजचा धागा या दुसऱ्या तबकडीच्या शीर्षकगीताविषयी.

आधी फंक म्हणजे काय ते पाहू. रॉक संगीतात चार मात्रांच्या आवर्तनातील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका पडतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राऊनने सारे वजन पहिल्या मात्रेवर आणले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर त्याने सम ठळक केली. बेस गिटार तालवाद्यासारखी बोलू लागली, गिटारचे सूर तुटक झाले आणि दोन सुरांमधली रिकामी जागाही लयीचा भाग बनली. खंजिरी भजनावर वाढलेल्या अमरावती-अकोटच्या कानाला यात फारसे परके काही वाटू नये. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीसमोर बसलेल्या माणसाला ठेका अंगात कसा शिरतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कीथ कांगा यांनी उभा केलेला अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट मुख्यतः परदेशी गाणी वाजवी. तेव्हाच्या मुंबईतल्या रॉक बँडांचा तोच शिरस्ता होता, कारण श्रोत्यांची मागणी तीच असे. ‘ऑब्सेशन ७७’ मात्र त्यांचे स्वतःचे. तबकडीत ते दोनदा येते, एकदा द्रुत आणि एकदा विलंबित. रॉकची गिटार आणि फंकची लय यांचा असा सांधा त्या काळी इथे दुर्मीळच.

ध्वनिमुद्रण १९७७चे, प्रकाशन १९८१चे. मधल्या चार वर्षांत घात झाला. १९८०च्या ‘कुर्बानी’ आणि ‘कर्ज’ या चित्रपटांनी डिस्को घरोघरी पोहोचवला होता. गंमत अशी की डिस्को हे फंकचेच अपत्य; मुलाची वरात दारात असताना बापाकडे कोण पाहणार? शिवाय ध्वनिमुद्रिकांचा धंदा चित्रपटगीतांवर उभा होता. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडला त्यात कोपराच मिळे. तबकडी विस्मरणात गेली.

तरीही तबकडीच्या खपावरून या संगीताचे मोजमाप करणे मला मान्य नाही. कारण याच बँडमधून काही काळ गायलेला एक मराठी गायक. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. ‘व्हेल्वेट फॉग’ या बँडमधून तो पुढे आला आणि १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडास गाजवला. पुढे १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, आणि नायक-खलनायक अंकुशच्या भूमिकेत नंदू.

या नाटकाची वंशावळ पाहण्याजोगी आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे यांनी ‘बेगर्स ऑपेरा’ लिहून, लोकांच्या ओठांवरच्या चालींत, इटालियन ऑपेराची टर उडवली. बरोबर २०० वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याच कथेत जॅझचा बाज आणला. त्यानंतर ५० वर्षांनी पुलंनी ती मराठीत आणली, तेव्हा तिच्यात नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकत्र नांदले. गुन्हेगारी जगाच्या या छैलछबिल्या नायकाच्या तोंडी बालगंधर्वी वळणाचे पद शोभले नसते. त्याला रॉकच हवा होता. मुंबईच्या डिस्कोथेकमध्ये जे संगीत चैनीचे मानले जाई, त्याला मराठी प्रेक्षकासमोर एक पात्र मिळाले, प्रसंग मिळाला, आपली भाषा मिळाली.

‘ऑब्सेशन ७७’ला मात्र परदेशातून बोलावणे आले. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी तिच्या मोजक्या मूळ प्रती मोठ्या किमतीला शोधल्या आणि २०११ साली अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने ती पुन्हा प्रकाशित केली. नंदू भेंडे २०१४ साली निवर्तले. ही दुसरी आवृत्ती त्यांच्या हयातीतच निघाली होती. गाणे आता सहज ऐकायला मिळते. आधी द्रुत ऐका, मग विलंबित, आणि पहिल्या मात्रेवर मान आपोआप हलते का ते पाहा.