साच्याची विद्या आणि पेणची मूर्तिकला

'साचेबंद' हा शब्द आपण बहुधा हिणविण्यासाठीच वापरतो. जिवंतपणा नाही, केवळ नक्कल आहे, असा त्याचा ध्वनी. परंतु पेण तालुक्यातील शेकडो घरांची चूल ज्या विद्येने पेटती ठेवली, ती विद्या साच्याचीच होय. पेण-रोहे परिसरातील आपल्या ज्ञातिबांधवांपुढे तिचा अल्पसा इतिहास ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या महाराष्ट्रास नवी नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन मातीच्या पोकळ मूर्ती सापडल्या आहेत. पुढचे व मागचे अंग दोन निराळ्या साच्यांत दाबून मग ती एकत्र जोडीत असत. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. फार लांब कशास? पाडव्याला गुढीस बांधावयाच्या साखरेच्या गाठीही लाकडी साच्यात दोरा ठेवून, वरून पाक ओतूनच होतात.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले व पुढे मूर्तींची मागणी वाढत गेली. पेणच्या या कलेच्या इतिहासात देवधर घराण्याचे नाव आदराने घेतले जाते. पेण शहरातून हा उद्योग हमरापूर, जोहे आदी गावांत पसरला आणि घराची पडवी हीच कार्यशाळा झाली. एकाने साच्यात माती दाबावी, दुसऱ्याने सांधे पुसावेत, तिसऱ्याने रंग द्यावा, अशी कामाची वाटणी साच्यामुळेच शक्य झाली. स्त्रियांच्या हातालाही त्यामुळे घरबसल्या काम मिळाले.

साचा घडतो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. प्रथम कुशल कारागीर मूळ मूर्ती हाताने घडवितो. तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात. जिप्सम हा खनिज दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसवर भाजला असता त्यातील पाऊण हिस्सा पाणी उडून जाते; त्या पुडीत पुन्हा पाणी कालविले की ती थोड्याच वेळात घट्ट होते. सोंडेची आतली बाजू, कानामागची खाच अशा अडचणीच्या जागी अखंड साचा सुटत नाही. म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो. पुढे रबराचा साचा आला. तो लवचिक असल्याने खाचेतूनही सोलून निघतो. त्यात प्लास्टर ओतून, काथ्याचा आधार देऊन हलकी व स्वस्त मूर्ती झपाट्याने होऊ लागली.

या सोयीची किंमत पुढे कळली. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली; मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विनापरवाना विसर्जन करण्यास प्रतिबंध कायम ठेवला.

"मग मातीकडे वळा," असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु रबर पाणी शोषीत नाही. त्यात दाबलेली ओली माती लवकर आवळत नाही आणि साचा सोलताना तिचा आकार बिघडतो. म्हणजे नुसती माती बदलून भागत नाही, साचाही बदलावा लागतो, आणि साच्यांतच तर घराची पुंजी अडकलेली असते. येथे एक मौज लक्षात घ्यावी. जे प्लास्टर मूर्तीसाठी अडचणीचे ठरले, तेच साच्यासाठी मोठे उपकारक आहे. कोरडा प्लास्टरचा साचा मातीतील पाणी शोषून घेतो, माती किंचित आकसते व आपोआप सुटते. हा साचा विसर्जनास जात नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर राहतो.

तुकड्यांचा साचा करणारे जुने हात अद्याप आपल्या गावांतून आहेत. त्यांच्याजवळ मुलांना बसवावे, सुट्टीत ज्ञातीच्या सभागृहात त्यांचे वर्ग भरवावेत, एवढीच आमची विनंती. साचा वारसाहक्काने मिळू शकेल; तो घडविणारा हात मात्र शिकूनच तयार होतो. श्रीगजानन आपणां सर्वांस ती बुद्धी देवो.