तोफ रशियाची, गाडी चेकोस्लोव्हाकियाची, सैन्य जर्मनीचं: ‘मार्डर ३’ नावाचा युद्धातला जुगाड

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला, तेव्हा जर्मन पायदळाकडे रणगाडे फोडण्यासाठी मुख्यतः ३७ मिलिमीटरची छोटी तोफ होती. समोरून टी-३४ आणि केव्ही हे रशियन रणगाडे आले आणि या तोफेचे गोळे त्यांच्या चिलखतावर आपटून नुसतेच उडू लागले. वैतागलेल्या जर्मन सैनिकांनी आपल्याच तोफेचं नाव ठेवलं, ‘दार ठोठावायचं यंत्र’!

७५ मिलिमीटरची ‘पाक ४०’ ही नवी तोफ येऊ घातली होती, पण ती पुरेशा संख्येने मिळायला वेळ लागणार होता. शिवाय तिचं वजन जवळपास दीड टन. रशियाच्या चिखलात ती ओढत न्यायची कशी? त्यापेक्षा तोफच गाडीवर बसवली तर?

गाडी हाताशी होती. १९३९ मध्ये जर्मनीने प्राग ताब्यात घेतलं, तेव्हा तिथला रणगाड्यांचा कारखानाही आयता मिळाला. तिथे बनणारा ‘पँझर ३८ टी’ हा हलका रणगाडा (नावातला ‘टी’ म्हणजे जर्मन भाषेत ‘चेक’) १९४० मध्ये फ्रान्समध्ये रोमेलच्या डिव्हिजननेही वापरला होता. १९४२ पर्यंत लढाईसाठी तो कालबाह्य झाला, पण त्याचं इंजिन आणि चाकं अतिशय भरवशाची होती.

तोफ मिळाली ती शत्रूकडूनच. पहिल्या काही महिन्यांत जर्मनांच्या हाती ७६.२ मिलिमीटरच्या रशियन ‘एफ-२२’ तोफा मोठ्या संख्येने लागल्या होत्या. गंमत म्हणजे, या तोफेचे डिझायनर वसिली ग्राबिन यांनी ती मुळात जास्त ताकदीच्या काडतुसासाठी आखली होती. सोव्हिएत लष्कराने मात्र जुनंच काडतूस वापरायला लावलं. तोफेतली ही राखीव ताकद वापरली जर्मनांनी! त्यांनी नळीचा मागचा कप्पा मोठा करून जास्त दारूचं जर्मन काडतूस बसवलं. मूळ तोफेत नळी आडवी फिरवायचं चाक एका बाजूला आणि वर-खाली करायचं दुसऱ्या बाजूला होतं. पळत्या रणगाड्यावर नेम धरताना हे गैरसोयीचं, म्हणून दोन्ही चाकं एकाच बाजूला आणली.

रणगाड्याचा फिरता बुरूज काढून त्या जागी ही तोफ बसवली गेली आणि १९४२ च्या वसंतात पहिल्या गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. मार्डर हा मुंगसासारखा दिसणारा युरोपातला चपळ शिकारी प्राणी. तेच नाव पुढे या गाडीला मिळालं.

आता टी-३४ दुरूनच टिपता येऊ लागला. पण या ताकदीची किंमत आतले चार सैनिक मोजत होते. गाडीची उंची सुमारे अडीच मीटर, त्यामुळे मोकळ्या मैदानात ती लपवणं अवघड. तोफेभोवतीचा पत्रा जेमतेम रायफलच्या गोळ्या आणि उडते तुकडे अडवण्याइतका. वर छप्पर नाही, पाठ उघडी. जवळ तोफगोळा फुटला किंवा हातबॉम्ब आत पडला, की संपलंच. रशियातली थंडी वेगळीच. वरून ताडपत्री ओढायची, बस्स. त्यामुळे ही गाडी रणगाड्यासारखी चालून जात नसे. दबा धरायचा, काही गोळे मारायचे आणि शत्रूने नेम धरायच्या आत जागा बदलायची, हीच तिची पद्धत.

काही गाड्या उत्तर आफ्रिकेतही गेल्या. तिथे समोर ब्रिटिशांची ‘आठवी आर्मी’ होती आणि तिच्यात भारतीय डिव्हिजनही लढत होत्या. वाळवंटात आडोसा शोधायचा तरी कुठे?

पुढच्या ‘एच’ प्रकारात ‘पाक ४०’ आली. शेवटच्या ‘एम’ प्रकारात इंजिन मध्यभागी सरकवून तोफ मागे नेली, त्यामुळे गाडी बुटकी झाली. मात्र पुढचं चिलखत उलट पातळ झालं आणि छप्पर अखेरपर्यंत आलंच नाही. तिन्ही प्रकार मिळून १,५०० हून अधिक गाड्या बनल्या. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालेली गाडी १९४४ पर्यंत बनत राहिली!

त्याच वर्षी प्रागच्या त्याच कारखान्यातून तिची जागा घेणारी ‘हेट्झर’ बाहेर पडू लागली. तीही ‘३८ टी’वरच आधारलेली, पण ठेंगणी, समोरून जाड तिरक्या चिलखताची आणि डोक्यावर छप्पर असलेली.