ग्रेटेस्ट हिट्स (जेम्स टेलर)

अमेरिकन गीतकार-गायक जेम्स टेलर (१२ मार्च १९४८– ) याच्या बारा गीतांची संकलित दीर्घ ध्वनिमुद्रिका. वॉर्नर ब्रदर्स या ध्वनिमुद्रण-संस्थेने ती नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रकाशित केली. अशी संकलने सहसा जुन्या ध्वनिमुद्रणांची पुन्हा केलेली जुळणी असतात. येथे मात्र आरंभीची दोन गीते खास या संकलनासाठी नव्याने गायिलेली असून, त्यामागे कलाविचारापेक्षा हक्कांची अडचण होती.

टेलरचा जन्म बॉस्टनचा. बालपण नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे गेले. कुमारवयात त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले, पुढे हेरॉइनचे व्यसन जडले. १९६८ मध्ये तो लंडनला गेला. बीटल्स वृंदाच्या ॲपल या संस्थेत असलेल्या पीटर ॲशर याने त्याची गुणवत्ता ओळखली व त्याची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. तिच्यातील ‘कॅरोलायना इन माय माइंड’ या गीताला पॉल मॅकार्टनीची बास गिटारची साथ होती. ‘समथिंग इन द वे शी मूव्हज’ या गीताचे आरंभीचे शब्द जॉर्ज हॅरिसनने आपल्या ‘समथिंग’ या सुप्रसिद्ध गीतासाठी उचलले, ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रिकेचा खप मात्र बेताचाच झाला. पुढे ॲशर ॲपल सोडून टेलरचा व्यवस्थापक झाला आणि दोघे वॉर्नर ब्रदर्सकडे गेले.

तेथील ‘स्वीट बेबी जेम्स’ (१९७०) या ध्वनिमुद्रिकेने टेलरचे नाव सर्वतोमुखी झाले. मैत्रिणीची आत्महत्या, व्यसनाशी झुंज आणि मोडलेला वाद्यवृंद या अनुभवांतून रचलेले ‘फायर अँड रेन’ अमेरिकेतील लोकप्रियतेच्या क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. १९७१ मध्ये कॅरोल किंगची रचना असलेले ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ पहिल्या क्रमांकावर आले. बोटांनी छेडलेली साधी गिटार, संयत आवाज आणि खाजगी दुःखाचा उघड उच्चार ही ‘सॉफ्ट रॉक’ची वैशिष्ट्ये टेलरच्या गायनात ठळकपणे आढळतात. १९७६ च्या सुमारास वॉर्नरशी असलेला त्याचा करार संपत आला व तो कोलंबिया या संस्थेकडे निघाला. प्रस्तुत संकलन या निरोपाच्या काळातले आहे.

टेलरच्या कारकीर्दीचा आढावा लंडनमधील त्या दोन गीतांवाचून अपुरा राहिला असता. परंतु त्यांची मूळ ध्वनिमुद्रणे ॲपलच्या मालकीची होती आणि ती वापरण्याची परवानगी मिळणे दुर्घट ठरले. ध्वनिमुद्रण-व्यवसायात गीतरचनेचा हक्क व विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन स्वतंत्र मालमत्ता मानल्या जातात. एकदा प्रसिद्ध झालेली रचना ठराविक मानधन देऊन कोणालाही पुन्हा गाता येते. जुनी ध्वनिमुद्रित फीत मात्र मालकाच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. गीत ज्याचे त्याच्याच आवाजातील ध्वनिमुद्रण त्याला परके होते, ही विसंगती या व्यवहारात नवी नव्हे. तेव्हा १९७६ मध्ये ॲशरच्याच देखरेखीखाली दोन्ही गीते पुन्हा मुद्रित झाली. लंडनच्या आवृत्तीतील तरुण उतावीळपणा येथे ओसरला आहे. ‘कॅरोलायना’ची लय संथ झाली असून स्टील गिटारमुळे तिला ग्रामीण अमेरिकन संगीताचा रंग चढला आहे. परदेशी बसून घराची आठवण काढणारे हे गीत गाताना गायक आता खरोखरच दूरचा काळ आठवतो आहे, असे वाटते. असंख्य श्रोत्यांना हीच आवृत्ती मूळची वाटू लागली.

संकलनाचे नाव शब्दशः घेण्याजोगे नाही. ‘स्वीट बेबी जेम्स’ हे अंगाईच्या वळणाचे गीत स्वतंत्र तबकडी म्हणून क्रमवारीत आलेच नव्हते. ‘मेक्सिको’ ४९ व्या स्थानापुढे गेले नाही. याउलट, क्रमवारीत ३१ वे स्थान मिळवलेले ‘लाँग अगो अँड फार अवे’ वगळले आहे. ब्लूज गाणाऱ्यांची थट्टा करणारे ‘स्टीमरोलर’ येथे संगीतसभेतील ध्वनिमुद्रणाच्या रूपात असून ते थोडे लांबले आहे. निवड एकंदरीत खपाच्या आकड्यांपेक्षा गायकाच्या प्रकृतीशी जुळणारी आहे व तेच तिच्या टिकाऊपणाचे एक कारण असावे. प्रकाशनानंतर ही ध्वनिमुद्रिका २३ व्या स्थानापर्यंतच चढली. पण पुढील दशकांत तिचा खप थांबला नाही. अमेरिकेत तिच्या एक कोटीहून अधिक प्रतींची नोंद झाली आहे.

मालकी हक्कापायी आपलीच गीते पुन्हा गाण्याचा मार्ग २०२१ पासून टेलर स्विफ्ट या गायिकेने फार मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. तिचे नाव जेम्स टेलरवरून ठेवलेले आहे. कोलंबियाकडील गीतांचे ‘ग्रेटेस्ट हिट्स, व्हॉल्यूम २’ हे संकलन २००० मध्ये निघाले. ॲपलची १९६८ ची मूळ ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये नव्या ध्वनिसंस्करणासह पुन्हा प्रसिद्ध झाली.